आईच्या दहाव्याला माईक नको

आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी त्याच्यावर भाषणं होतात. शहरातल्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. नदीकाठी घाट, घाटावर पत्र्याची शेड, ती कुणाच्या निधीतून झाली याची भलीमोठी पाटी आणि शेडखाली माईक. घरची माणसं ओल्या अंगाने पिंडापाशी बसलेली असतात आणि इकडे निवडणुकीला उभं राहायचा विचार करणारा प्रत्येक जण 'दोन शब्द' बोलून घेतो. माझ्या चुलत्यांच्या वेळी अकरा जण बोलले. चुलत्यांनी जन्मभर दोन म्हशी सांभाळल्या आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडले नाहीत. त्या दिवशी त्यांना सहकाराचा आधारस्तंभ करून टाकलं. मी हात जोडून ऐकत बसलो होतो.

म्हणून आई गेली तेव्हा मी सांगून टाकलं, माईक नको.

माझा चुलतभाऊ ग्रामपंचायतीत सदस्य आहे. तो हबकलाच.

"असं नको करू, भाऊ. पावणं काय म्हणतील? माईक नसला तर मानाची माणसं यायची न्हाईत."

"नाही आली तर बरंच."

"तुझं ठीक हाय राव. तू मंचरला शाळेत शिकवतो. आमाला गावात ऱ्हायचंय."

मीही गावातच राहतो, मंचरला फक्त मोटारसायकलवर जाऊन येतो. पण त्याच्या लेखी ज्याला पुढाऱ्याकडे काम नाही तो गावात राहतच नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी पिंडापाशी बसलो. शेजारी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण. कावळा समोरच्या बाभळीवर होता. तेवढ्यात हायवेकडून पांढरी गाडी आली. पुढारी उतरले. मागून त्यांच्या माणसाने चाकांचा स्पीकर ओढत आणला. माईक त्यांचाच. असल्या लोकांना आमच्या माईकची गरज असते असं मी समजत होतो, तेवढा मी भोळा. त्या माणसाच्या हातात त्या दिवशीच्या दशक्रियांची यादी होती. पारगावची उरकून आले होते, आमच्यानंतर आणखी दोन होत्या.

चुलतभाऊ माझ्याकडे न बघता खुर्ची पुसायला धावला.

पुढारी बोलू लागले. माउलीच्या हातची भाकरी आपण खाल्ली आहे म्हणाले. माउलीने विड्या वळून मुलांना शिकवलं म्हणाले. आईने उभ्या जन्मात विडी वळली नाही. तिने कांदा लावला, कांदा काढला, कांदाचाळीत बसून सडका कांदा निवडला. विड्या वळणारी बाई यादीतली दुसरी कुणीतरी असणार.

मी उठलो. ओल्या पंच्यानिशी त्यांच्यापुढे गेलो आणि विचारलं, "साहेब, माझ्या आईचं नाव काय?"

पुढाऱ्यांनी यादीवाल्याकडे पाहिलं, पण तो मागे फोनवर बोलत होता. मला वाटलं, सापडला.

पण त्यांनी डोळे मिटले. माईक ओठांजवळ नेला. "आईला नाव नसतं, सर. आई ही आई असते. तुमची आई, माझी आई, या समद्यांची आई."

बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. माझ्याच शाळेतले एक सहकारी मान डोलावत होते. मी तसाच उभा.

"कावळा शिवला!" मावशी मागून ओरडली. "अरे, शिवला बघा!"

कुणी वळलं नाही. "दोनच मिनिटं, मावशी," पुढारी म्हणाले आणि दहा मिनिटं बोलले. मी परत येईपर्यंत कावळा पिंड फोडून उडून गेला होता. तो शिवताना फक्त मावशीने पाहिला.

संध्याकाळपर्यंत ते 'आईला नाव नसतं' तालुकाभर लोकांच्या स्टेटसला लागलं. त्या व्हिडिओत मीही आहे, टकलावर ऊन, तोंड उघडं. खाली कुणीतरी लिहिलंय, 'लेकाला हुंदका आवरेना.'

चुलतभाऊ आठवडाभर खुशीत होता. "लई भारी झाली दशक्रिया," म्हणायचा. "तुझ्या प्रश्नानंच रंगली." मी त्याच्याशी बोलणं टाकलं, तर त्याला ते पंधरा दिवस कळलंच नाही.

आता मी कुणाच्या दहाव्याला जात नाही. कुणी गेल्याचं कळलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाऊन बसून येतो. तेव्हा घरचे मेलेल्या माणसाविषयी बोलतात आणि जे बोलतात ते खरं असतं. गावात मात्र म्हणतात, आई गेल्यापासून मास्तर जरा तिरसट झालेत.