कोरा सोडलेला प्रश्न

बालाघाटच्या तुरुंगात दर गुरुवारी मी कैद्यांसाठी धर्म-अध्ययनाचा वर्ग घेतो. तिथं कुणाला नाव किंवा गुन्हा विचारायचा नाही, हा माझा नियम. म्हणून त्यातल्या एका कैद्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. मलाजखंडच्या खाणीत तो डंपर चालवायचा, एवढं त्यानंच सांगितलं होतं. पेन तो पान्यासारखं मुठीत धरायचा आणि प्रत्येक ओळ ओठ हलवत वाचायचा. वर्गात सगळ्यांत चांगली उत्तरं मात्र त्याचीच असायची.

परीक्षेत त्यानं 'ईश्वर अपराध्याला क्षमा करतो का?' हा एकच प्रश्न कोरा सोडला.

"काहून सोडला?" मी विचारलं.

"उत्तर येते मले, सर. पण देवाच्या आधी त्या बाईले विचारा लागते. तिचा नवरा माह्या हातानं गेला."

मग त्यानं कागद मागून घेतला आणि तिथंच बसून तिला पत्र लिहिलं. मी शुद्धलेखन तपासून परत दिलं, तेव्हा 'माझ्या हातून चूक झाली' हे वाक्य त्यानं स्वतःच खोडलं आणि वर लिहिलं, 'मी मारलं.'

"आता पाठवा," तो म्हणाला. नाव-पत्ता तुरुंगाच्या कार्यालयानं घातला.

महिने गेले, तिचं उत्तर आलं नाही. तो खचला नाही. पुन्हा परीक्षेला बसला आणि त्याच प्रश्नाखाली त्यानं लिहिलं, 'विचारलं आहे. वाट पाहून राह्यलो.'

बत्तीस वर्षं मी मास्तरकी केली. एवढ्याशा उत्तराला पूर्ण गुण पहिल्यांदाच दिले.