पाबे घाटाचा उतार

रोहिदास वीस वर्षं जीप चालवत होता. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकून डिझेल वाचवायची त्याची सवय हाडीमाशी खिळलेली.

२००५ साली डॉक्टर मदिहाबाईंनी बॅटरीवरची गाडी घेतली आणि त्याला ड्रायव्हर ठेवलं. पहिल्याच खेपेला बाईंना घेऊन पाबे घाट चढताना चार्जिंगचा काटा तळाला टेकला. वेल्ह्याच्या दवाखान्यात पेशंट खोळंबले होते. उतार लागताच रोहिदासचा हात न्यूट्रलकडे गेला.

"काका, गिअर काढू नका! उतारावर चाकंच मोटर फिरवून बॅटरी भरतात."

"उतारानं कुणाची टाकी भरलीय व्हय, बाई?"

तरी त्याने ऐकलं. पायथ्याशी काटा किंचित वर आला होता. गाडी दवाखान्यापर्यंत पोचली.

रोहिदास मागे वळून घाटाकडे बघत राहिला. "वीस वर्षं म्या ह्यो उतार वायाच घालवला म्हणायचा."