आप्पांची दुसरी तार

रविवारी सकाळी लाइट गेली होती, म्हणून बेल वाजली नाही; दारावर थाप पडली.

उज्वला तेव्हा भाकऱ्या करत होती. एक तव्यावर, एक परातीत. सासूबाई सगुणाबाई बाहेरच्या खोलीत बसून मेथी निवडत होत्या आणि जुडीत निम्मं गवत निघालं म्हणून मेथीवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. नवरा लिंबाजी दूध आणायला गेला होता, म्हणजे चौकात कुणाशी तरी गप्पा हाणत उभा असणार. रोजचीच सकाळ.

थाप चारदा पडली. सारख्या अंतरानं, सारख्या जोरानं. मग थांबली. उज्वलाचा पिठाचा हात परातीतच राहिला. गाणं सुरू करायच्या आधी गिटारच्या लाकडावर बोटाच्या पेरानं चार मात्रा मोजतात, तशी ती थाप होती. तशी थाप देणारा माणूस तिच्या ओळखीत एकच.

“काय करून राहिली गं? जा की दाराला,” सगुणाबाई म्हणाल्या.

“आप्पा आलेत,” ती म्हणाली. आणि तरीही लगेच हलली नाही. काल संध्याकाळपासून ती एकच गोष्ट पोटात घेऊन हिंडत होती. आप्पा विचारायला आले, तर सांगायचं काय?

मल्लिकार्जुन आप्पा मूळचे शिरूर अनंतपाळचे. घरी भुसार मालाचं दुकान, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि मुलानं गादीवर बसावं एवढीच वडिलांची, सिद्धराम अण्णांची, अपेक्षा. कॉलेजसाठी पोराला हैदराबादला पाठवलं, तिथं तो पदवीबरोबर एक लाल इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. अण्णांनी ती पुढून-मागून ठोकून बघितली. “ह्यात पोकळीच न्हाई. आवाज कुठून निघंल? फसवलं तुला त्यांनी,” म्हणाले. आई शरणम्मा मात्र शहाणी. दसऱ्याला दुकानातल्या तराजूची पूजा असे. तिनं तराजूशेजारी पाटावर ती गिटारही ठेवली आणि विभूतीची तीन बोटं तिच्या लाल अंगावर ओढली. आप्पांनी ती कधी पुसली नाहीत. फिकी झाली, पण नीट बघितलं तर अजून दिसतात.

पुढं ते नांदेडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि चार डोकी जमवून त्यांनी रॉक वाजवायला सुरुवात केली. नांदेडात त्या काळी रॉक म्हणजे काय ते ठाऊक असलेली माणसं एका रिक्षात मावली असती. त्यामुळं पोटासाठी वराती, हळदी, गणपती सगळं वाजवावं लागे. आप्पांना त्याचा कमीपणा वाटला नाही. जे सांगाल ते वाजवायचे, पण बेसूर वाजवायचे नाहीत.

नायगावच्या वरातीची गोष्ट तर त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. एप्रिलचं ऊन, हातगाड्यावर जनरेटर, नवरदेव घोड्यावर, मुहूर्त डोक्यावर आलेला. उन्हानं एक तार उतरली. आप्पांनी हात वर केला आणि वाजंत्री थांबली. सगळी वरात रस्त्यात उभी. नवरदेवाचे चुलते ग्यानोबा पाटील फेटा सावरत धावत आले.

“ओ मास्तर, काय झालं? लाइट गेली का?”

“न्हाई. तार उतरली.”

“मंग उरलेल्या पाच हायेत की! वाजवा! कोण ऐकून राहिलंय हितं?”

“मी ऐकून राहिलो,” आप्पा म्हणाले आणि खुंटी पिळत बसले. “दोन मिनिटं. सूर लागला की लग्न लागंल.”

घोडा वैतागला, ग्यानोबा त्याहून. पण वरात थांबली ती थांबलीच. पुढं त्याच ग्यानोबांनी आपल्या पोरीच्या लग्नाला आप्पांनाच बोलावलं. “बाबा डोक्याला ताप हाय, पण माणूस खरा हाय,” असं ते सगळीकडं सांगत.

उज्वला कॉलेजात असताना आप्पांकडं शिकायला जात असे. वर्गात ती एकटीच मुलगी. बोटांना घट्टे पडले तेव्हा तिची आई रडली होती, की आता पाहुणे हात बघतील. आप्पा वरून दिसायला मवाळ, पण दोन गोष्टींत कुणाचं ऐकायचे नाहीत. एक म्हणजे सूर कानानं लावायचा. दुसरी, शिकवणी संपली की गिटार तशीच पिशवीत कोंबायची नाही. आधी पुन्हा सुरात लावायची, मग ठेवायची. गावाकडची शेवटची बस चुकायला आलेली असायची, उज्वला दारात चुळबुळ करायची.

“आप्पा, उद्या आल्यावर लावते की.”

“लेकराला झोपवताना तोंड पुसतोस का न्हाई? का म्हणतोस, उद्या उठल्यावर पुसू?” ते मुलींशीही मुलांसारखंच बोलत. “बेसूर वाद्य अंधारात ठेवू नये. रात्रभर तसंच पडतंय बिचारं.”

लग्नानंतर तिची गिटार माहेरी माळ्यावर गेली. पण कान कुठं माळ्यावर ठेवता येतो? कुकरची शिट्टी, रेल्वेचा भोंगा, सासूबाईंची हाक, सगळ्यांचा सूर तिला आपसूक कळायचा. तो कधी उपयोगी पडला नाही एवढंच.

तो काल पडला.

जुन्या विद्यार्थ्यांनी आप्पांचा सत्कार ठेवला होता. निवृत्तीनंतर आप्पा लातूरला मुलाकडं राहायला गेलेले. खास गाडी पाठवून आणलं. शाल, श्रीफळ, हार, आणि फेटा. फेटा बांधायला खास माणूस बोलावला होता. त्यानं आप्पांच्या डोक्याला असा आवळून फेटा बांधला, की दोन्ही कान आत गेले. मग भाषणं झाली. सगळ्यात लांब भाषण ज्यानं केलं, तो तीन दिवसांतच शिकवणी सोडून पळालेला होता.

आप्पा वाजवायला उठले तेव्हा त्यांनी फेट्याला हात लावला, तर आयोजक ओरडले, “काढू नका आप्पा, फोटो राहिलेत!” सत्काराचा फेटा स्टेजवर उतरवणं म्हणजे बांधणाऱ्याचा अपमान. आप्पांनी हात खाली घेतला.

त्यांनी ‘बालाघाट’ वाजवलं. ही त्यांची स्वतःची चाल. शब्द नाहीत, नुसती गिटार. नांदेडहून लातूरला जाणारी जुनी एसटी बालाघाटाचा घाट चढताना जशी कण्हत, गुरगुरत वर जाते, तशी ती चाल चढत जाते. आणि अगदी माथ्यावर एक जागा आहे. दुसऱ्या तारेवर एक सूर उभा असतो. तिसरी तार बोटानं ढकलत, ढकलत वर न्यायची आणि त्या सुराला नेऊन भिडवायची. दोन तारा, पण सूर एकच. ती जागा आली की कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरं बाकांवर उभी राहत. उज्वलाला तर तिथं दर वेळी डोळ्यांत पाणी यायचं, कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

काल दोन तारा भेटल्या नाहीत. दुसरी उतरली होती. तिसरी सवयीनं आपल्या जागी पोचली आणि तिथं तिला कुणी भेटलंच नाही. दोन सुरांच्या मधे बोट जाईल एवढी फट, आणि त्या फटीत ती थरथर. आप्पा डोळे मिटून तसेच वाजवत राहिले. एका तारेसाठी अख्खी वरात रस्त्यात उभी करणारा माणूस थांबला नाही.

हॉल उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या. उज्वलानंही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

तिनं दार उघडलं. आप्पा उभे होते. एका खांद्यावर बायकोनं, नीलाबाईंनी, जुन्या गोधडीतून शिवलेल्या पिशवीत गिटार. दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला फेटा.

“या आप्पा, या. मुक्कामी होता होय नांदेडला?”

“हाव. पाहुण्याकडं. लवकर आलो का?”

“या मास्तर,” सगुणाबाई मेथी बाजूला सारत म्हणाल्या. “काल लई वाजवलंत म्हणं. हिनं मोबाइलात दावलं मला. काय तो आवाज! बसलेले कान उघडले माझे. बसा. उज्वला, पोहे टाक मास्तरला.”

“पोहे नको आई. च्या घेतो.”

उज्वलानं गॅसवर चहाचं ठेवलं. पाठ त्यांच्याकडं होती तेवढाच आधार. पण आप्पा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आलेच.

“उज्वला. काल दुसरी तार उतरली होती का?”

तिनं साखर जास्त टाकली. “छान झालं की कालचं. सगळे उभे राहिले.”

“ते दिसलं मला. मी तुला तारेचं विचारून राहिलो.”

“आप्पा, तो फेटा!” ती वळली. हे तिनं रात्रीच तयार करून ठेवलं होतं. “कान झाकले होते तुमचे. कुणालाही नसतं कळलं. त्या बांधणाऱ्यालाच अक्कल नव्हती.”

आप्पा हसले. हातातली पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली.

“मलाबी तसंच वाटलं. गाडीत बसल्या बसल्या सोडला फेटा. पाहुण्याकडं जाऊन तार परत लावली. आज सकाळी उठून परत लावली. बाहेर येऊन, कान धुऊन.” त्यांनी एकेका कानाला बोट लावलं. “उजवा कान म्हणतोय लागली. डावा म्हणतोय न्हाई लागली. एकच तार छेडली तर मला दोन ऐकू येतात. दोघांतला खरा कोण, ते विचारायचं कुणाला?”

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. आयुष्यभर स्पीकरच्या पुढं उभं राहिलात, कान झिजलेत. आवाज मोठा करायचं यंत्र मिळतं. दोन कानांची भांडणं मिटवायचं मिळत नाही.

“घरी कुणाला विचारलं नाही?”

“नीलाला विचारलं. ती म्हणती छान. ती लग्न झाल्यापासनं छानच म्हणती, तिला विचारून काय उपयोग?” बाहेरच्या खोलीतून सगुणाबाई फिसकन हसल्या. “सुनेनं मोबाइलात सूर दाखवायची सुई घालून दिली. सूर लागला की हिरवी होती. आता ते हिरवं मला दिसतंय गं. ऐकू येत न्हाई.”

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला.

“माझ्याकडंच का आलात आप्पा?” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “मीपण टाळ्या वाजवल्या काल.”

“वाजवल्यास. बघितलं की मी. माथ्यावरची जागा सरली आन् डोळे उघडले. अख्खा हॉल हसून राहिला होता. तुझं एकटीचं तोंड उतरलं होतं. तेव्हाच कळलं मला. पण म्हटलं, विचारून घ्यावं. उगं आपल्या मनाचा खेळ नसावा.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. सगुणाबाई एरवी वासानंच ओरडल्या असत्या. आज मेथीची टोपली घेऊन त्या हळूच मागच्या अंगणात गेल्या.

छान होतं म्हणावं, हात धरून म्हणावं, देवाची शपथ घेऊन म्हणावं, असं तिला वाटलं. सत्तरी पार केलेला माणूस. त्याच्याजवळ दुसरं आहे काय? पण घोड्यावरचा नवरदेव, ते ऊन, ‘मी ऐकून राहिलो’ म्हणणारा तो आवाज तिच्या डोळ्यांपुढं आला. या माणसाला खोटं सांगायचं, म्हणजे त्यानंच शिकवलेल्या कानाशी खोटं बोलायचं.

“हाव आप्पा,” ती म्हणाली. “उतरली होती.”

“लई?”

“लई.”

“भेटल्या न्हाईत मग.”

“न्हाई.”

आप्पांनी मान हलवली.  मग त्यांचे खांदे सैल झाले, कुणी अंगावरचं ओझं उतरवून घ्यावं तसे. रडू तिलाच आलं. पिठाच्या हातानं डोळे पुसले, तर गालाला पीठ लागलं.

“रडू नगंस. एवढ्या टाळ्यांत एक माणूस खरं बोललं. मला बास हाय.”

ते बाहेरच्या खोलीत गेले आणि सतरंजीवर बसले. गोधडीची पिशवी उघडली, लाल गिटार बाहेर काढली, मांडीवर घेतली. विभूतीच्या तीन रेघांवरून त्यांनी अंगठा फिरवला. तार छेडली नाही.

ती हात धुऊन, पदराला पुसून आली आणि त्यांच्यासमोर बसली. बोटांवरचे घट्टे केव्हाच गेले होते. तिथं आता तव्याचे चटके होते.

“आता वाजवायचं न्हाई ठरवलंय,” आप्पा म्हणाले. “बेसूर वाजवण्यापेक्षा बंद केलेलं बरं. त्याचं काही न्हाई. लई वाजवलं. पण आज हिला पिशवीत घालीन ती पुन्हा काढायची न्हाई, आन् अशी बेसूर ठेवायला जीव होईना.”

“मोबाइलच्या सुईनं...” ती बोलता बोलता थांबली.

“सुईनं लागंल. पण हिला आजवर सुईनं कुणी लावली न्हाई.”

त्यांनी गिटार दोन्ही हातांनी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. लाइट अजून आली नव्हती. पंखा नव्हता, टीव्ही नव्हता, घर अगदी गप्प होतं.

“एवढी सुरात लावून दे, उज्वला. मग मी ठेवून देतो.”