अमावस्येची शेगडी

कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? भर दुपारी आख्खी गल्ली माझ्यामुळं भ्याली, अन् सगळ्यात जास्त भ्यालो मीच.

धाकट्या बहिणीला, सुनीताला, बघायला परतूरचे पाव्हणे संध्याकाळी येणार होते. त्यांना काहीतरी नवीन खाऊ घालावं म्हणून मी वडीगोद्रीच्या बंद पडलेल्या ढाब्यावरून जुनी बार्बेक्यूची शेगडी आणल्ती. गंज तर विचारूच नका. मोबाईलवर उपाय सापडला: लिंबू कापा, मीठ लावा, राख टाका, नारळाच्या शेंडीनं घासा.

माय म्हणाली, "अंगणात घाण नको." मंग घरासमोर तीन रस्ते मिळतात तिथंच बसकण मारली. घासून घासून तोंड काळं झालं. परत गंज धरू नये म्हणून शेगडीच्या पायांना लाल प्रायमर फासला.

तेवढ्यात शेजारचे शेख चाचा सायकल घेऊन घराबाहेर आले. मला पाहून थबकले अन् उलट्या पावली घरात गेले. दळण घेऊन येणारी बाई अर्ध्या रस्त्यातून वळली. धडाधड दारं लागली. गल्ली अशी चिडीचूप, की माझाच श्वास मला ऐकू येऊन राह्यला.

मला वाटलं, हे लोक माझ्याकडं न्हाई, माझ्या मागं बघून राह्यलेत. मागं कोण उभं हाय? हळूच वळलो. कुणीच न्हाई. पुढं पाहिलं तर मानेवर गार वारा.

एक जीप आली, थांबली अन् गचकन मागं जायला लागली. माझा धीरच सुटला. अर्धं लिंबू हातात तसंच, जीपमागं पळालो. "थांबा, मला बी घ्या! ते माझ्या मागं लागलंय!" जीप जी सुटली, ती दिसेनाशी झाली.

मी चाचांचं दार बडवलं. "चाचा, जल्दी उघडा. बाहेर काहीतरी हाय."

"हाय ना," चाचा आतूनच बोलले. "तूच हाय. अमावस्येला तीन रस्त्यांवर लिंबं कापून कुणावर करणी करून राह्यला बाबा?"

लाज वाटून घरी पळालो. माय फोनवर, स्पीकर चालू. परतूरचे पाव्हणे सांगत होते, "ताई, आम्ही लवकर आल्तो. पण तुमच्या दारात मांत्रिक बसलेला. जीपमागं पळाला हो. तुमच्या मोठ्या पोराला सांगा, त्याला आधी हाकला."

मायनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दादा," ती फोनात म्हणाली, "तोच आमचा मोठा पोरगा."

तिकडं पाव्हण्यांची आपसात कुजबुज सुरू झाली. सुनीता रडकुंडीला आली.

"असं करा," पाव्हणे शेवटी बोलले, "पोरीला घेऊन तुम्हीच या परतूरला. मोठ्याला घराची राखण करू द्या."