बिनबोभाट लग्न

ज्या लग्नात काही बिघडलं नाही ते लग्न लागलंच नाही, असं मानणारा अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच माणूस असेल, आणि तो माझा मामेभाऊ आहे. कारंज्यात त्याचा मंडप-बिछायतीचा धंदा. कुठली ताडपत्री कुठे, कुठला आचारी कुणाशी भांडलेला, सगळं त्याच्या डोक्यात. म्हणून एका मुहूर्ताला एकच लग्न. शिरपूरच्या लग्नात वरात दारात आली आणि ताटं गोदामातच राहिलेली. याने घराघरांतून ताटं मागून आणून पंगत उठवली. वरबापाने सगळ्यांदेखत मिठी मारली. ताटं विसरलं कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. "काम तं कोनीबी करते," तो मला म्हणायचा, "बिघडलेलं सावरते तो खरा मानूस."

मग घरात सून आली. माहेर रिसोडचं, पण पुण्याच्या कंपनीत मोठमोठे प्रोजेक्ट सांभाळलेली. "मामाजी, एका डोक्यावर धंदा चालते, वाढत नाही," असं तिने सासऱ्याला सांगून टाकलं. प्रत्येक कामाला एक माणूस नेमला. आदल्या संध्याकाळी दिवे-माईक लावून बघायचे. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी सगळ्यांनी गोदामात चहाला बसायचं, ज्याची चूक त्याने आपणहून सांगायची आणि कुणी रागवायचं नाही. वर्षभरात एकाच मुहूर्तावर दोन-दोन लग्नं निघू लागली. धंदा वाढला आणि माझा भाऊ वाळत गेला. बाह्या दुमडून मंडपभर फिरायचा, पण त्याच्यावाचून कुणाचं अडेना. तेव्हा मला हसू यायचं.

वाशीमच्या एका लग्नात त्याने जनरेटरची चावी गुपचूप खिशात घातली. ऐन मंगलाष्टकांत वीज गेली, चावी सापडेना, जनरेटरवाला घामाघूम. वऱ्हाडी ओरडायला लागल्यावर हे महाराज "खाली पडली होती" म्हणत चावी घेऊन प्रकटले. उजेड झाला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या सकाळी चहाला जनरेटरवाल्याने मान खाली घातली. "चावी माह्याच हातून पडली."

सून सासऱ्याकडे बघत राहिली. "मामाजी, तुमाले काही सांगाचं हाय का?"

"मले? मले काहून?"

त्यानंतर हळूहळू बाकीच्यांनीही आपल्या चुका सांगणं सोडलं आणि ती बैठक मोडली. पुढे मुलगा-सून वाशीमला गेले, वेगळा धंदा मांडला, जनरेटरवालाही त्यांच्याकडे गेला. भाऊ त्या सकाळी एक वाक्य बोलला असता तर कुणी रागावणार नव्हतं, नेमच तसा होता. याची हळहळ मला अजून वाटते. कारंज्यात आता पुन्हा एका मुहूर्ताला एकच लग्न, तेही मिळालं तर.

यंदा उन्हाळ्यात सुनेकडे काम असलेल्या एका लग्नाला आम्ही दोघे पाहुणे म्हणून गेलो. सगळं वेळेवर, बिनबोभाट. भावाने मंडपाचे दोर ओढून पाहिले, मग जनरेटरवाल्यापाशी गेला. "ते चावी तवा मीनंच घेतली होती, बापू."

"मालूम हाय, भाऊ," तो म्हणाला. "आमाले सगळ्याइले मालूम होतं. बाई लय दिवस वाट पायत होत्या, तुमी सांगान म्हनून."

तेवढ्यात सून आली आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "मामाजी, जेवून घ्या." भाऊ हात धुवायला गेला.