तातेरावांच्या नावामागचं कै.

समजा, लग्नपत्रिकेचा मजकूर भरून घेणारा एक फॉर्म तुम्हाला करायचा आहे. कागदाचा नव्हे, मोबाइलवर उघडणारा. नवरदेवाचं नाव, नवरीचं नाव, तारीख, मुहूर्त, मंगल कार्यालय. इथपर्यंत अडचण नाही, प्रत्येकाला एकेक चौकट. पुढे निमंत्रक येतात. त्यांच्यासाठी किती चौकटी ठेवाल? एखाद्या घरात दोनच चुलते, तर एखाद्या घरात नुसत्या चुलत्यांचीच पंगत बसते. त्यामागून आपले विनीत, व्यवस्थापक, मामेमंडळी, आणि सगळ्यात खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरं. त्यातलं एखादं तर पत्रिका छापून होईपर्यंत जन्माला येतं. आधी मोजून चौकटी ठेवणं जमणारच नाही. म्हणून एक बटण ठेवायचं, ‘नाव जोडा’. दाबलं की खाली नवी ओळ. ओळीशेजारी फुली, ती दाबली की ओळ गायब. आणि वर-खाली करायला बाण, कारण थोरल्याच्या आधी धाकट्याचं नाव आलं तर हळदीच्या आधीच रुसवे.

सोपं वाटतं ना? अंबडच्या सुमेधालाही सोपंच वाटलं होतं.

सुमेधा हिवाळे. वडील अडत बाजारात हमाल, आई अंगणवाडीत मदतनीस. जालन्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, तेव्हा त्या घरात पहिल्यांदा कुणी लॅपटॉप उघडला. मैत्रिणी पुण्याला गेल्या. हिला मात्र गाव सोडायचं नव्हतं. इथेच बसून, इथल्या लोकांना लागेल असं काहीतरी करायचं, असा तिचा हट्ट. बसस्टँडमागे राधेश्यामकाकांची छोटी प्रेस होती. लग्नसराईत तिथे चिठ्ठ्यांचा ढीग लागायचा. कुणी वहीच्या पानावर नावं आणायचं, कुणी बिडीबंडलाच्या कागदावर. ती वाचता वाचता काका घायकुतीला येत. सुमेधानं त्यांना फॉर्मची कल्पना सांगितली. ते म्हणाले, “बेटा, एक सीझन चालवून बघू. चाललं तर जालन्याच्या प्रेसवाल्यांनाही मीच सांगतो.” कोपऱ्यात एक टेबल मिळालं आणि ती कामाला लागली.

त्या फॉर्ममधल्या एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता. प्रत्येक नावाशेजारी तिनं ‘हयात नाही’ अशी एक खुणेची चौकट ठेवली होती. ती टिचकवली की पत्रिका ज्या घरची, त्याप्रमाणे नावामागे आपोआप कै. लागायचं, कालकथित लागायचं किंवा मरहूम. वंदनाआत्याच्या लग्नात एका प्रेसनं सुमेधाच्या आजोबांच्या नावामागे कालकथितऐवजी सरसकट कै. छापलं होतं. बाबा रात्रभर पेन घेऊन एकेक पत्रिका दुरुस्त करत बसले होते, असं आई सांगायची. आपल्या फॉर्मवर कुणाला असं बसावं लागणार नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं.

फॉर्म चालला. गावागावांतून नावं येऊ लागली. आणि एका दुपारी जांब समर्थहून एक म्हातारे एसटीनं आले. धोतर, पांढरी टोपी, हातात घडी केलेली पत्रिका.

“मालक कोण?”

“मीच. बसा, दादा,” राधेश्यामकाका म्हणाले.

“बसतोच. मेलेला माणूस उभा कशाला राह्यल?”

काकांना काही कळेना. म्हाताऱ्यांनी पत्रिका टेबलावर पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “वाचा मोठ्यानं.”

“निमंत्रक… कै. तातेराव…” काका अडखळले.

“थांबले काऊन? फुडचं बी वाचा. अगत्य येण्याचे करावे, असं लिव्हलंय. वरतून बोलावून राह्यलो मी लोकायला!”

मशीनवर काम करणारी माणसं हसायला लागली, पण तातेराव हसत नव्हते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आमची चतुराबाई वाचती थोडं थोडं. माझं नाव वाचलं आन् हातातला तांब्या तसाच राह्यला तिचा. म्हणली, छापून पुसलं की हो माझं कुंकू. आता लग्नाला येत न्हाई म्हणून बसली. जेवली बी न्हाई.”

“दादा, मजकूर तुमच्याच घरून भरून आला,” काका सावरत म्हणाले. “नवरदेवाचा भाऊ, कल्याण, त्यानं भरला. प्रूफ पाठवलं होतं ग्रुपवर. सगळ्यांचे अंगठे आले.”

ते खरं होतं. प्रूफ आलं की प्रत्येक जण आपलं नाव कुठे आहे तेवढंच बघतो. दुसऱ्याच्या नावाचं काय झालं, हे बघायला वेळ कुणाला? आणि तातेरावांकडे साधा बटणांचा फोन. ते ग्रुपवर नव्हतेच.

“कल्याणनंच केलंय, ठावं हाय मला,” म्हातारे म्हणाले. “त्याच्या बापाचं आन् माझं बांधावरून भांडण हाय. लग्नापुरतं मिटवलं, मी बी मोठ्या मनानं हां म्हणलं. त्याचा हा वचपा. सकाळधरनं पोरगं दारात उभं हाय, म्या तोंड बघितलं न्हाई त्याचं. लग्नात बी बघणार न्हाई.”

कोपऱ्यातल्या टेबलावरून सुमेधा हे सगळं ऐकत होती. एखाद्याला वचपा काढायचा तर असा काढेल? ज्या पत्रिकेवर आपल्याच भावाचं लग्न आहे, तिच्यावर? ती लॅपटॉप घेऊन मागच्या कागदाच्या खोलीत गेली आणि तिनं कल्याणला फोन लावला.

“कल्याणदादा, प्रेसमधून सुमेधा बोलतेय.”

“ताई, म्या न्हाई केलं हो! आईची शप्पथ. मी काऊन आजोबाला असं…”

“मी तसं विचारतच नाहीये. फॉर्म भरताना काय काय केलं, ते पहिल्यापासून सांगा.”

“काय केलं म्हंजे? भरला.”

“आधी कुणाचं नाव टाकलं?”

“आधी बाबाचं. मंग थोरल्या आजोबाचं, भुजंगरावाचं. ते वारले न्हाई का, त्यायच्यापुढं खूण केली. त्यायच्या खाली तातेराव आजोबा. मंग आई म्हणली, येड्या, गेलेला माणूस निमंत्रण कसं दील? त्यायचं नाव वरी ‘यांचे नातू’मधी आलंय की. म्हणून म्या फुली दाबली.”

“भुजंगरावांच्याच ओळीची?”

“हां. नाव गेलं बराबर. मंग जल्दीजल्दीत पाठवून देलं.”

“ठीक आहे. फोन चालू ठेवा तुमचा.”

तिनं तेच सगळं तसंच केलं. पहिल्या ओळीत एक नाव. दुसऱ्या ओळीत भुजंगराव, पुढे खूण. तिसऱ्या ओळीत तातेराव. मग दुसऱ्या ओळीवरची फुली दाबली. भुजंगराव गेले. तातेराव एक ओळ वर सरकले. आणि खूण जागची हलली नाही. दुसऱ्या ओळीवर होती, ती दुसऱ्याच ओळीवर राहिली.



ती ज्या फ्रेमवर्कमध्ये काम करायची, तो म्हणजे एक तयार सांगाडा. आपण त्याला यादी द्यायची, तो पडद्यावर ओळी उभ्या करतो. त्याची एकच मागणी असते, की प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख द्या. म्हणजे एखादी ओळ गेली किंवा सरकली, तरी कोणती कोण हे त्याला कळतं. सुरुवातीला तिनं ओळख दिलीच नव्हती, तेव्हा तो लाल अक्षरांत कुरकुरत होता. मग तिनं ओळीचा क्रमांकच ओळख म्हणून देऊन टाकला. पहिली, दुसरी, तिसरी. लाल अक्षरं गेली आणि ती खूश झाली. आता दुसरी ओळ पुसली की तिसरी दुसरी होत होती. नाव यादीतून येत होतं, म्हणून ते बरोबर सरकत होतं. खूण मात्र ओळीपाशी बांधलेली. सांगाड्याच्या लेखी दुसरी ओळ होती तिथेच होती, तिच्यातलं फक्त नाव बदललं होतं.

ती बाहेर आली तेव्हा राधेश्यामकाका तिच्याजवळ आले. तिचा चेहरा बघूनच त्यांना काय ते कळलं. हळू आवाजात म्हणाले, “आपल्याकडून आहे?”

“माझ्याकडून.”

“आत्ता बोलू नको. घरातलं भांडण आहे, घरात मिटेल. फॉर्म जित्या माणसाला मारतो असं एकदा बाजारात पसरलं ना, उद्यापासून कुणी बोट लावणार नाही त्याला. मला पण मग वहीच काढावी लागेल.”

काका वाईट माणूस नव्हते, आणि ते म्हणत होते ते खरंच होतं. या सीझनवर तिचं सगळं टांगलेलं होतं. पण तिकडे जांबला एक पोरगा सकाळपासून दारात उभा होता. न केलेल्या गोष्टीसाठी.

तिनं लॅपटॉप तातेरावांपुढे ठेवला.

“आजोबा, एक बघता का? हे तुमचे थोरले भाऊ. ही त्यांच्यापुढची खूण. खाली तुम्ही. आता मी त्यांच्या ओळीची फुली दाबते. खुणेकडं बघा.”

तातेरावांनी चष्मा सारखा केला. फुली दाबली गेली.

“परत कर.”

तिनं परत केलं.

“आणखीन एकडाव.”

तिसऱ्यांदा बघून ते मागे टेकले. “म्हंजे भाऊ गेला, आन् जाताना त्याचं मरण माझ्यापाशी ठिवून गेला?”

“हो. कल्याणदादानं तुमच्यावर खूण केलीच नव्हती. हे मी बनवलंय, चूक माझी आहे. तुम्हाला आणि आजींना त्रास झाला.”

राधेश्यामकाका उगाच कागदांची थप्पी सारखी करत होते.

“कुणाची गं तू?” तातेरावांनी विचारलं.

“पुंडलिक हिवाळेंची. अडत बाजारात असतात.”

“असं.” त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. “तू बोलली नसती तर मला बिलकुल कळलं नसतं.”



त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्या हातात दिला. “लाव त्या गाढवाला.” कल्याणनं पहिल्याच घंटीला उचलला. “ऐक रे. मी अंबडला आलोय. स्टँडवर गाडी घेऊन ये माझ्यासाठी. ऊन लई हाय, टोपी घालून ये… न्हाई, न्हाई, रागावलो न्हाई. ये तू.”

उरलेल्या पत्रिकांवर ‘श्री.’ची चिकटपट्टी लावायची ठरलं. “पर एक पत्रिका मला सगळी नवीन छापून द्या,” तातेराव काकांना म्हणाले. “चिकटवलेली नको. खाली कै. हाय हे चतुराबाईला ठावं राह्यल.”

“आणि वाटून झालेल्यांचं?” काकांनी विचारलं.

“तिथं मी सोता जातो, एकेका घरी. चहा पितो, समोर बसतो. ज्याला शंका हाय त्यानं चिमटा काढावा.”

नवीकोरी पत्रिका घेऊन म्हातारे स्टँडकडे गेले. दोन दिवसांनी कल्याणचा निरोप आला. आजीनं नव्या पत्रिकेतलं नाव बोट ठेवून वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग पत्रिका देवापुढे ठेवली. लग्नाला ती येणार होती.

सुमेधानं फॉर्म दुरुस्त केला. आता ‘नाव जोडा’ दाबलं की ओळ जन्मतःच आपली ओळख घेऊन यायची. वर सरको, खाली सरको, शेजारची जावो, ती ओळख बदलत नव्हती आणि खूण तिच्याच सोबत राहत होती. तिनं ओळी पुसून पाहिल्या, उलटसुलट केल्या, बाण दाबदाबून नावं फिरवली. खूण चुकली नाही. आनंदानं तिनं काकांना बोलावलं.

“काका, तुम्ही मोडून दाखवा आता.”

राधेश्यामकाका खुर्चीत बसले. त्यांनी फुलीला हातच लावला नाही. भुजंगराव या नावावर बोट टेकवलं, एकेक अक्षर मागून पुसलं आणि त्याच चौकटीत दुसऱ्याचं नाव टाकलं.

खूण तिथेच.

“फुली दाबा ना, काका! नवी ओळ घ्या.”

“फुलीला भितात लोक, बेटा. सगळंच उडून जाईल वाटतं. मी रोज बघतो इथं काउंटरवर. नाव खोडतात, तिथंच दुसरं लिहितात. कागदावर पण असंच करत होते.”

पहिल्यांदा सुमेधाला वाटलं, सोपं आहे. नाव बदललं की खूण काढून टाकायची. पण मग एखाद्यानं गेलेल्या माणसाचं नाव टाकलं, खूण केली, आणि नंतर नावातला एक काना दुरुस्त केला तर? खूण जाईल आणि वारलेला माणूस पत्रिकेवर श्री. होऊन सगळ्यांना बोलवेल. त्या घरात कुणाच्या हातात तांब्या थांबेल, ते सांगता येत नाही. खूण ठेवली तरी धोका, काढली तरी धोका. “बघ तू विचार करून,” काका म्हणाले, “तोवर फॉर्मपण चालू दे आणि वहीपण राहू दे.” टेबलावर त्यांनी खरंच वही आणून ठेवली.

तेव्हापासून फॉर्म भरणारं कुणी प्रेसमध्ये आलं, की सुमेधा त्यांच्या बोटांकडे बघत बसते. बोट अक्षरं पुसतं, थांबतं, नवी अक्षरं टाकतं. बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. त्या बोटानं आत्ता आपल्याच माणसाचं नाव नीट केलं, की एकाच्या जागी दुसरा माणूस आणून बसवला, हे त्या चौकटीनं ओळखावं तरी कशावरून?