पांढऱ्याचा रंग

मायला जाऊन आठ महिने झाले. तिची लुगडी अजून आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, लोखंडी पेटीत आहेत. मागच्या रविवारी ती उन्हात टाकायला काढली, तेव्हा माझी नववीतली मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"आई, मला पण आजीसारखंच होऊन राहिलं."

"काय होऊन राहिलं?"

"पांढरं जाते. लय दिवसांपासून. मी मरणार का गं?"

"नाही," एवढंच मी आधी म्हटलं आणि तिला पलंगावर जवळ बसवलं.

मी तिच्याएवढी असताना, आसगावच्या घरी, मायने माझ्या कपड्यावरचा डाग पाहिला आणि तिचं तोंड उतरलं. अंगावरून पांढरं जाण्याला आमच्याकडे धुपणी म्हणतात. धुपणीने हाडं झिजतात असा तिचा समज होता. रोज सकाळी तांदळाचं धुवण, म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी, पेलाभर प्यायचं असं तिने ठरवून टाकलं. पपई, लोणचं, अंडी बंद. शेजारची काकू म्हणाली, "वाचून वाचून गर्मी चढली पोरीले. पुस्तकं काढून घे, धुपणी जाते का नाही पाह्य!"

"पुस्तकं राहू दे वं बाई," माय म्हणाली. "धुवण पुरे हाय."

मी वर्षभर ते धुवण प्यायले. हाडांना हात लावून बघायची, झिजली का म्हणून.

ते सगळं उगाच होतं हे बी.एड.च्या वर्षी कळलं. वसतिगृहात एक डॉक्टरबाई बोलायला आल्या होत्या. योनी स्वतःला आतून साफ ठेवते, त्याचाच तो स्राव, असं त्यांनी सांगितलं. महिन्यातले काही दिवस तो पातळ, तार निघेल असा असतो, एरवी दाटसर, पांढुरका. कपड्यावर वाळला की फिका पिवळा दिसतो. खाज नाही, घाण वास नाही, तर औषध नको. दह्याच्या गाठींसारखा होऊन खाज सुटली, मासोळीसारखा वास आला, हिरवट किंवा राखाडी झाला, लघवीला आग झाली किंवा ओटीपोट दुखायला लागलं, तर दाखवायचं. मी हे सगळं वहीत नीट उतरवून घेतलं. मायला मात्र सांगितलं नाही. तुझं धुवण फुकट गेलं, हे आईला कोणत्या तोंडाने सांगणार?

मायची पाळी थांबून बरीच वर्षं झाली होती. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिचे कपडे ती स्वतः धुवायची आणि मागच्या तारेवर लुगड्याखाली झाकून वाळवायची. खोलीत सारखी उदबत्ती लावायची. मी एकदा विचारलं.

"धुपणी हाय वं. या वयात बायाइले असतेच. तू काहून जीवाले लावून घेते?"

"दवाखान्यात जाऊ."

"पांढऱ्यासाठी कोणी दवाखान्यात जाते का? हासतीन लोक."

पांढरं म्हणाली, म्हणून मी गप्प बसले. वही माझ्याच कपाटात होती.

चार महिन्यांनी तिच्या कमरेत कळा येऊ लागल्या, तेव्हा तिला भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, अंगावरून जातं त्याचा रंग कसा आहे?"

"पांढराच."

"पांढरा म्हणजे कसा?"

माय विचारात पडली. मग अगदी खरेपणाने म्हणाली, "लाल पांढरा, बाई. मटण धुतल्यावर पाणी निघते ना, तसा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. पाळी थांबल्यानंतर थेंबभर लाल दिसलं तरी थांबायचं नसतं, असं त्या म्हणाल्या, आणि ते माझ्याकडे बघून. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. फार पसरलेला.

मायसाठी पांढरं हा रंग नव्हताच, ते दुखण्याचं नाव होतं. मी रंग विचारला नव्हता.

मुलगी अजून माझ्याकडे बघत होती.

"नाव नको सांगू," मी म्हटलं. "दिसतं कसं ते सांग."

"पाण्यासारखं. कधी कधी चिकट, तार निघते. वाळलं की पिवळसर."

"खाज? आग? घाण वास?"

"नाही."

"पोट दुखतं?"

"नाही गं."

"मग तो आजार नाही. तू मोठी होऊन राहिलीस."

"आणि आजीचं?"

"आजीचं लाल होतं. ती त्यालाही पांढरंच म्हणायची."

तिने एक लुगडं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता धुवण नाही पिलं तरी चालते ना? आजीनं सांगून ठेवलं होतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कितीतरी दिवसांपासून ही पोरगी न सांगता तांदूळ धुवायला घ्यायची, आणि मी सगळ्यांना तिचं कौतुक सांगत फिरत होते.

"नाही पिलं तरी चालते," मी म्हटलं. "पण काही बदललं, तर मला त्याच दिवशी सांगायचं. जसं दिसेल तसं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी विचारीन."

लुगड्याचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी. आम्ही ते झटकून तारेवर पसरलं. संध्याकाळी तांदूळ मी धुतले आणि धुवण अंगणातल्या कढीपत्त्याला घातलं.